मेणाचे दगड

आमच्याकडे खोबऱ्याच्या चटणीत कधीकधी निळे कण निघायचे. बाबा घास बोटाने चिवडून तो कण बाजूला काढायचे, उजेडात धरायचे आणि विचारायचे, “आज कोणता खडक वाढून राहिल्या, मास्टरीणबाई?” आई पोळी उलटता उलटता म्हणायची, “तो तुमचा नाही, कुणा मुलीचा आहे. ठेवा बाजूला.” घरात किसणी एकच होती. सकाळी तिच्यावर खोबरं किसलं जायचं आणि संध्याकाळी शाळेतल्या मुलींचे मेणखडू. कितीही घासली तरी तिच्या दातांत मेण अडकून राहायचं. आता मी साठी ओलांडली आहे, स्वयंपाकघरात मिक्सर आहे, पण कुठे किसणीवर काही घासल्याचा आवाज आला की मी अजून हातातलं काम थांबवते. त्या किसणीचं पुढे काय झालं ते आठवत नाही. आईने ती टाकून दिली असावी, कारण त्या वर्षानंतर आमच्याकडे चटणी पाट्यावरच वाटली जाऊ लागली.

आम्ही जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होतो. वर पत्रे आणि पत्र्यांखाली सामान ठेवायचा लाकडी माळा. उन्हाळ्यात त्या माळ्यावर हात घातला तर चटका बसायचा, आणि थंडीत तिथे ठेवलेलं तूप चमच्याने निघायचं नाही. पहाटे फॅक्टरीचा भोंगा झाला की बाबा उठायचे. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग गल्लीत बिहीवाल्याची आरोळी. बिही म्हणजे पेरू, हे आईला कळायला एक अख्खा हंगाम गेला होता. ती सांगलीकडची. बाबांचा जन्म जबलपूरचाच, त्यांची मराठी नागपूरकडे झुकलेली आणि मध्येच हिंदीत घसरणारी. आईची मराठी स्वच्छ आणि हिंदी त्याहून स्वच्छ, कारण ती सगळी पुस्तकातून, परीक्षा देऊन मिळवलेली. बाजारात तिने ‘कृपया’ म्हटलं की भाजीवाली तराजू खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

ही पुस्तकी हिंदी एरवी तिला साथ द्यायची, पण ती चिडली किंवा घाबरली की सगळी परीक्षांची हिंदी पळून जायची आणि तोंड व कान दोन्ही मराठी व्हायचे. शाळेतल्या पहिल्याच दिवशी तिने मुलींना दम दिला, “जो गृहकार्य नहीं लाएगी, उसे कड़ी शिक्षा मिलेगी।” सगळा वर्ग हसला. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण. कडक शिक्षण मिळेल म्हटल्यावर कोण घाबरणार? पुढे एकदा तपासणीला आलेले साहेब तिच्याशी दोन शब्द वाकडे बोलले आणि जाताना वहीत शेरा लिहून गेले की दीदींची चेष्टा चांगली आहे. आई घरी येऊन तणतणली, “माझी चेष्टा करतात, आणि वर चांगली म्हणतात!” चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे बाबांनी हसू दाबत सांगितलं. बाबा अशा शब्दांना दुतोंडे म्हणायचे. जेवताना नवा दुतोंड्या सापडला की त्या दिवशी आईची फिरकी घेतली जायची. तीही थोडा वेळ रागावून मग पदर तोंडाला लावून हसायची. आई हसताना मला आठवते ती याच जेवणांतली.

ती मुलींच्या हिंदी शाळेत भूगोल शिकवायची. मी तिच्याच वर्गात होते आणि शाळेच्या फाटकातून आत शिरलं की तिला ‘दीदी’ म्हणावं लागायचं. तिचा तास सुरू व्हायचा तो एका ठरलेल्या वाक्याने, “किताब बंद, हाथ आगे।” नव्या मुलींची गाळण उडायची, कारण हात पुढे म्हटलं की आमच्या शाळेत पट्टी बसत असे. मुली डोळे मिटून हात पुढे करायच्या आणि तळहातावर काहीतरी जड, गार पडायचं. डोळे उघडले तर दगड. मदन महालच्या टेकडीवरचा गुलाबी, खरबरीत दगड, नाहीतर रेल्वेच्या रुळांमधली काळी गिट्टी, नाहीतर भेडाघाटच्या कारागिरांनी टाकून दिलेली संगमरवराची कपची. “याला विचारा, तू आधी कोण होतास,” ती म्हणायची. संगमरवर आधी साधा चुनखडक होता आणि जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने, दाबाने असा झाला, हे मी तळहातावरच शिकले. जबलपुरात घरोघरी संगमरवराचा देव असतो, उदबत्तीचं घर असतं, पण त्याला त्याचं लहानपण विचारणारी मी फक्त माझी आईच पाहिली.

खडकांचं चक्र शिकवायचं तर फळ्यावर गोल काढून बाण काढायचे, असा रिवाज होता. माझ्या नातीच्या शाळेत आजही तेच आहे, फक्त फळ्याऐवजी पडद्यावर बाण फिरतात. आईने बाण काढायला साफ नकार दिला. तिने मुलींकडून तुटके मेणखडू जमवले. आधी ते किसायचे, म्हणजे डोंगराची झीज. मग त्या किसाचे थर एकावर एक पसरायचे, लाल, पिवळा, निळा, आणि कागदात गुंडाळून बाकावरच्या पुस्तकांखाली दाबून ठेवायचे, म्हणजे अवसादी खडक. मराठीत ‘गाळाचा’ म्हटलं की कसं लगेच दिसतं, असं ती घरी हळहळून म्हणायची. मग ती वडी मुठीत धरून ऊब द्यायची आणि जोर लावून दाबायची. थर वाकायचे, एकमेकांत शिरायचे. तो कायांतरित, म्हणजे मराठीतला रूपांतरित, खडक. शेवटी सगळ्यांच्या वड्या पातेल्यात वितळायच्या, तो पृथ्वीच्या पोटातला रस, आणि गार झाला की अग्निज. मग पुन्हा किसणी. मुली संध्याकाळी घरी जायला तयार नसायच्या.

या सगळ्यात कुसुम पुढे असायची. ती सिहोऱ्याजवळच्या खेड्यातली, शिकण्यासाठी जबलपुरात, दीक्षितपुऱ्यात मामाकडे राहायची. मामा कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहायचे. घरी गाई-म्हशी असलेल्या मुलीचे हात जसे असतात तसे तिचे हात होते, रुंद आणि कशालाही न घाबरणारे. तिने दाबलेल्या वडीवर तीन बोटांचे खोल खड्डे आणि बाजूला अंगठ्याचा ठसा उमटला होता. आईने ती वडी वर्गभर फिरवली. “देखो, इसे कहते हैं दबाव।” कुसुमला एवढं कौतुक घरी कधी मिळालं नसावं. ती मधल्या सुट्टीत मला म्हणाली, “मैं भी दीदी बनूँगी। ऐसे ही पढ़ाऊँगी, पत्थर देके।” गावात तिच्या वयाच्या मुलींची लग्नं ठरत होती. तिचे वडील वर्षअखेरीला तिला परत न्यायचं म्हणत होते आणि मामाच त्यांना थोपवून धरत होते. आईला हे ठाऊक होतं. म्हणूनच ती कुसुमवर जास्त मेहनत घ्यायची.

वितळवायच्या दिवशी आईने वातीचा स्टोव्ह शाळेत नेला. जमिनीवर खडूने रेघ मारली आणि मुलींना रेघेमागे उभं केलं. पातेल्याला हात फक्त ती लावणार, तोही सांडशीने. तिने काळजी घेतली नाही असं पुढे पुष्कळ लोक म्हणाले. मी तिथे होते म्हणून सांगते, ती रेघ मी पाहिली आहे. पहिल्या काही जणींच्या वड्या वितळल्या, सगळे रंग मिळून चिखलासारखा रस झाला. तो उकळता रस आईने स्टोव्हवरून उतरवून टेबलावर ठेवला आणि साचा घ्यायला ती वळली. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घातलेली कागदाची घडी सरकली असावी. टेबल कललं, पातेलं घसरायला लागलं. आम्ही बाकीच्या मागे पळालो. कुसुम पुढे झाली. तिच्या घरी दूध उतू जाऊ देत नाहीत, तूप सांडू देत नाहीत. काही सांडताना दिसलं की हात आपोआप पुढे जायचा, तसा तो गेला. सगळं पातेलं तिच्या उजव्या हातावर आलं.

ती ओरडली नाही. ओरडलो आम्ही. मेण हातावर लगेच गोठलं आणि हातमोज्यासारखं बसलं. कुणी म्हणालं स्याही लगाओ, कुणी म्हणालं चूना. आईने कुणाचं ऐकलं नाही, तिचा हात पाण्याच्या माठात घातला, माठ फुटला तसा नळाखाली धरला आणि रिक्षात घालून आमच्याच घरापुढच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मेण काढलं तेव्हा मेणाबरोबर आणखीही बरंच निघालं. मी दाराबाहेर होते. आईच्या साडीला लाल, पिवळे, निळे डाग पडले होते. पुढचे कित्येक दिवस आई शाळा सुटली की कुसुमच्या पट्ट्या बदलायला तिच्याबरोबर त्या दवाखान्यात बसायची. घरी आली की जेवायची नाही. बोटं वाचली, पण ती पूर्ण उघडणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी आईने भात टाकला आणि तो करपेपर्यंत ती स्टोव्हसमोर बसून राहिली. मी पातेलं उतरवलं तरी तिला कळलं नाही.

कुसुमचे मामा घरी आले तेव्हा बाबा फॅक्टरीच्या कामाने बाहेरगावी गेले होते. आईने त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली. मी चहा आणला. मामाजी भले गृहस्थ होते, टोपी मांडीवर ठेवून खाली बघत बोलत होते. लोक काय काय सांगायला येतात, म्हणाले. थाण्यात, म्हणजे पोलिसांत, जा म्हणतात, शाळेवर दावा लावा म्हणतात. कुसुमचे वडीलही गावाहून येणार आहेत, फार तापलेत. “पर मैं झगड़ा नहीं चाहता, दीदी। राजीनामा हो जाए, तो बात यहीं खतम। बच्ची की पढ़ाई भी चलती रहेगी।”

आईने विचारलं, “पढ़ाई चलती रहेगी? पक्का?”

“मेरी ज़बान है,” मामाजी म्हणाले. “कल-परसों में राजीनामा हो जाए, बस। फिर उसके बाप को मैं समझा लूँगा।”

“हो जाएगा,” आई म्हणाली.

मीही तो शब्द मराठीतच ऐकला. आजच्यासारखा फोन हातात असता तर शब्द टाकून अर्थ बघता आला असता, असा विचार मनात येतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा तो बघावा असं कुणाला वाटलंच नसतं. जो शब्द आपल्याला लहानपणापासून येतो त्याचा अर्थ कोण बघतं? मामाजी गेल्यावर आईने कपबशा धुतल्या, हात पुसले आणि टेबलाशी बसून शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला. पुस्तकातला ‘त्यागपत्र’ हा शब्द तिने वर मधोमध लिहिला. अक्षर तिचं सुंदरच होतं. मी विचारलं, “बाबा आल्यावर विचारून मग दे ना.” ती म्हणाली, “ते देऊ देणार नाहीत. आणि त्या पोरीची शाळा जाईल.” दुसऱ्या दिवशी तिने तो अर्ज बडी दीदींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, टेबलावर ठेवला. बडी दीदींनी तो वाचला आणि मोठा श्वास सोडला. “आपने समझदारी की,” एवढंच त्या म्हणाल्या. शाळेच्या नावावर आलेलं बालंट न मागता टळत होतं. आईने कपाट रिकामं केलं. दगडांची पिशवी मी उचलली.

बाबा परत आले तेव्हा आई दुपारची घरीच होती, मीही शाळेत गेले नव्हते. त्यांनी बॅग खाली ठेवली नाही तोच विचारलं, “काहून गं, आज सुट्टी आहे का शाळेला?”

“राजीनामा दिला मी.”

“काहून दिला? कोणी मागितला?”

“मामाजींनी. ते आले होते.”

बाबा खाली बसले. “दीक्षितपुऱ्याचा माणूस तुझी नोकरी कशाला मागेल? काय म्हणाले ते, त्यांचा शब्द सांग मले.”

आईने सांगितलं, जसंच्या तसं. राजीनामा हो जाए, तो बात यहीं खतम. बाबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग असा पडला की मी घाबरले. ते म्हणाले, “अगं, हिंदीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या असा कागद. समझौता. कचेरीतला माणूस आहे तो, दिवसभर तेच कागद लिहून राहिला असतो. तो म्हणत होता, आपण आपसात मिटवून घेऊ.”

 आईने विचारलं, “मग मी दिला त्याला बोलण्यात काय म्हणतात?”

“इस्तीफा.”

एरवी नवा दुतोंड्या सापडला म्हणजे आमच्या घरात हसू फुटायचं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी तो खेळ कधी काढला नाही.

त्याच दुपारी आम्ही तिघं आधी शाळेत गेलो. बडी दीदींनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. अर्ज समितीकडे गेला होता, मंजूर झाला होता. “अब मैं किस-किस को समझाऊँ, भाई साहब, कि शब्द का फेर था? लिखावट तो दीदी की ही है,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या बाई ठरल्याही होत्या.  बाहेर पडल्यावर आई बाबांना म्हणाली, “माझं राहू द्या. दीक्षितपुऱ्याला चला. कुसुमची शाळा चालू आहे ना, तेवढं बघू.”

मामाजींच्या दारात चपला काढतानाच मला कळलं की कुसुम शाळेत गेलेली नाही, कारण तिचं दप्तर खुंटीवर होतं. मामाजींनी आम्हाला बसा म्हटलं नाही. “हम तो राजीनामे का कागज़ बना के बैठे थे,” ते म्हणाले. “स्कूल गए आपके दस्तखत लेने, तो पता चला आप छोड़ के चली गईं। मैंने ज़बान दी थी, दीदी। उसके बाप के सामने मेरी क्या रह गई?”

बाबांनी शब्दाचा घोळ समजावला. मामाजी ऐकत होते आणि हळूहळू त्यांची मान खाली जात होती. दिवसभर लोकांसाठी तोच शब्द लिहिणारा माणूस, त्याच्या तोंडून तो बाहेर पडला आणि आईच्या कानात जाईपर्यंत उलटा झाला होता. ते पुटपुटले, “मैं समझौता कह देता तो...” आणि थांबले. मग म्हणाले, कुसुमचे वडील आले होते. सकाळच्या सिहोऱ्याच्या बसने तिला घेऊन गेले. “बोले, जहाँ मास्टरनी ही नहीं टिकी, वहाँ लड़की क्या टिकेगी।”

“उसे वापस बुला लीजिए,” आई म्हणाली. तिची हिंदी तेव्हा अगदी शुद्ध होती. “मैं घर पर पढ़ाऊँगी। मैं रोज़ यहाँ आकर पढ़ाऊँगी।”

“अब वो किसी की नहीं सुनेगा, दीदी। घर का काम सीखेगी। जितना हाथ चलेगा।”

परतताना आई रिक्षात माझ्या शेजारी बसली होती आणि तिने माझा उजवा हात घट्ट धरला होता, इतका घट्ट की दुखत होतं. मी काढून घेतला नाही. बाबांनी पुढे सिहोऱ्याला दोन-तीनदा फेऱ्या मारल्या. एकदा कुसुमच्या वडिलांनी दार उघडलं नाही, एकदा ती मावशीकडे गेली आहे असं सांगितलं, आणि मग तिचं लग्न झाल्याचं कळलं. ती आज असेल तर माझ्याच वयाची असेल. सिहोऱ्याची बस दिसली की मी खिडक्यांतल्या बायकांच्या हातांकडे बघते. ही सवय मला सोडवत नाही.

शाळेतून आणलेले दगड आईने कुंड्यांभोवती लावून टाकले. एकच वस्तू तिने कागदात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा माळ्यावर सरकवला. कुसुमची वडी. वितळवायचा तिचा नंबर यायच्या आधीच सगळं झालं होतं, म्हणून ती शाळेच्या खिडकीत तशीच राहिली होती. तीन बोटांचे खड्डे आणि अंगठा, सगळी बोटं चांगली असतानाची. आई ती काढून बघायची नाही, पण डबा तिथे आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक असायचं.

उन्हाळा आला. त्या वर्षी ऊन एवढं होतं की दुपारी पत्रे तडतडायचे. पोह्याच्या पापडांचा डबा शोधताना आईच्या हाताला तो डबा लागला. तिने तो उघडला आणि स्टुलावर तशीच उभी राहिली. मी वर पाहिलं. कागद मेणाने भिजून डब्याच्या तळाला चिकटला होता आणि त्यावर तळाच्या आकाराची एक तपकिरी चकती होती, गुळगुळीत, एकाही ठशाशिवाय. आईने तिच्यावरून अंगठा फिरवला.

“बोटं गेली गं तिची,” ती म्हणाली आणि रडली. सगळ्या वर्षात पहिल्यांदा.

शाळा उघडली. नव्या बाई फळ्यावर गोल काढून बाण काढायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. चाचणी जवळ आली तेव्हा कायांतरित खडकावर माझं अडलं. मी आईजवळ गेले. ती खाली बसून मेथी निवडत होती. तिच्यासमोर बसले आणि मला काही सुचायच्या आधीच, वर्षानुवर्षांच्या सवयीने, मी पुस्तक मिटलं आणि हात पुढे केला.

आईने माझ्या उघड्या तळहाताकडे पाहिलं. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून तिने माझा हात धरला, बोटं एक एक करून मिटवली आणि तो माझ्या मांडीवर परत ठेवला.

“पुस्तक उघड,” ती म्हणाली. “त्यात दिलंय सगळं.”